महाविद्यालयीन संगणक जाळ्यातील व्हीलॅन, ट्रंक व रूटिंग : दोषशोधाची क्रमबद्ध पद्धत (ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात)

सारांश

महाविद्यालयातील कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय व परीक्षा विभाग यांचे संगणक एकाच जाळ्यावर असूनही परस्परांपासून वेगळे ठेवण्यासाठी व्हीलॅन ही योजना वापरली जाते. दोन स्विचना जोडणारी ट्रंक व निरनिराळ्या व्हीलॅनना जोडणारे रूटिंग ही या योजनेतील दोषांची दोन मुख्य स्थाने होत. प्रस्तुत लेखात या दोन्हींचे स्वरूप ठाणे-कल्याण परिसरातील वाचकांना परिचित असलेल्या रेल्वेमार्गाच्या दृष्टांताने स्पष्ट केले असून दोष शोधण्याचा क्रम मांडला आहे. ट्रंक म्हणजे दोन टोकांमधील करार होय. बहुसंख्य दोष एका टोकाला झालेला बदल दुसऱ्या टोकाला न कळल्यामुळे उद्भवतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : व्हीलॅन, ट्रंक, टॅग, नेटिव्ह व्हीलॅन, रूटिंग, दोषशोध

१. प्रस्तावना

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांना संगणकीय जाळे नवे नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने २००० नंतरच्या काळात उभारलेली संगणकीकृत नागरी सुविधा केंद्रे राज्यातील इतर पालिकांसाठी नमुना ठरली. सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी अभियानात निवड झाली. २००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या माहिती-संपर्क तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानामुळे महाविद्यालयांपर्यंत ब्रॉडबँड जोडण्या पोहोचू लागल्या. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम सुरू होत गेले, तसतशा प्रयोगशाळा वाढल्या आणि जुन्या इमारतीतील जाळे नव्या इमारतीपर्यंत ओढले गेले.

ही वाढ बहुधा टप्प्याटप्प्याने होते. एक स्विच एका वर्षीच्या अनुदानातून, दुसरा तीन वर्षांनी दुसऱ्या उत्पादकाकडून घेतला जातो. जोडणी करून देणारा तंत्रज्ञ बाहेरचा असतो; काम संपताच तो निघून जातो आणि त्याने केलेल्या रचनेची नोंद महाविद्यालयाकडे राहत नाही. पुढे जाळे बंद पडले, की 'इंटरनेट गेले' एवढीच तक्रार पुढे येते आणि तिची जबाबदारी संगणकशास्त्राच्या प्राध्यापकावर पडते.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. मुंबई विद्यापीठ परीक्षांच्या प्रश्नपत्रिका संलग्न महाविद्यालयांना संगणकीय मार्गाने पाठवते. २०१७ मध्ये विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन संगणकाच्या पडद्यावर करण्याची पद्धत आणली आणि त्या वर्षी निकाल लांबल्याचा फटका हजारो विद्यार्थ्यांना बसला. परीक्षेचे काम आता जाळ्यावर अवलंबून आहे. परीक्षा विभागाचा संगणक ऐन वेळी जाळ्याबाहेर जाणे जितके घातक, तितकेच तो विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेच्या जाळ्यात नकळत मिसळणे घातक आहे. या दोन्ही घटनांचे मूळ एकाच ठिकाणी, म्हणजे व्हीलॅनच्या रचनेत असू शकते.

२. संकल्पना : कल्याण जंक्शनचा दृष्टांत

व्हीलॅन म्हणजे आभासी स्थानिक जाळे. एकाच स्विचची काही पोर्टे एका गटात व काही दुसऱ्या गटात टाकली, की दोन्ही गट दोन स्वतंत्र स्विचवर असल्याप्रमाणे वागतात. एका गटात सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश दुसऱ्या गटात पोहोचत नाही. स्पष्टीकरणासाठी एका काल्पनिक महाविद्यालयात कार्यालयास व्हीलॅन १०, प्रयोगशाळेस २०, ग्रंथालयास ३० व परीक्षा विभागास ४० हे क्रमांक दिले आहेत, असे समजू.

हे विभाग दोन इमारतींत विखुरलेले असतील, तर प्रत्येक व्हीलॅनसाठी स्वतंत्र तार टाकणे परवडणारे नाही. म्हणून दोन स्विचमधील एकाच तारेवरून सर्व व्हीलॅनची वाहतूक केली जाते. ही तार म्हणजे ट्रंक होय.

बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आलेली रेल्वे १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचली व पुढे तेथून तिच्या दोन शाखा झाल्या. एक शाखा शहाड, टिटवाळामार्गे कसाऱ्याकडे आणि दुसरी अंबरनाथ, बदलापूरमार्गे कर्जतकडे जाते. ठाणे ते कल्याण या टप्प्यात दोन्ही शाखांच्या गाड्या एकाच मार्गावरून धावतात. कोणती गाडी कोणत्या शाखेची, हे तिच्या इंडिकेटरवरील अक्षरावरून कळते : कसाऱ्यासाठी 'एन', कर्जतसाठी 'एस'. ठाणे-कल्याण हा सामाईक टप्पा म्हणजे ट्रंक, दोन शाखा म्हणजे दोन व्हीलॅन आणि इंडिकेटरवरील अक्षर म्हणजे टॅग.

ट्रंकवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमला स्विच हा टॅग लावतो आणि पलीकडचा स्विच तो वाचून फ्रेम योग्य गटात सोडतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयट्रिपलई ८०२.१क्यू या मानकानुसार टॅगची लांबी ४ बाइट असते. त्यातील १२ बिट व्हीलॅन क्रमांकासाठी राखीव आहेत. १२ बिटांत ४०९६ संख्या मावतात. त्यांतील पहिली व शेवटची राखीव असल्याने प्रत्यक्षात १ ते ४०९४ हे क्रमांक वापरता येतात. टॅगमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट होते. दोन इमारतींच्या मध्ये कोणी एखादा जुना साधा स्विच बसवलेला असेल, तर तो ही लांब फ्रेम टाकून देण्याची शक्यता असते. अशा वेळी छोटे संदेश पोहोचतात आणि मोठ्या फायली अडकतात.

या दृष्टांतातून आणखी दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली नेटिव्ह व्हीलॅनची. ट्रंकवर एका व्हीलॅनच्या फ्रेम टॅगविना धावतात. तिला नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात व मूळ मांडणीत तिचा क्रमांक १ असतो. इंडिकेटर नसलेली गाडी कल्याणला आली, तर ती कोणत्या शाखेची मानायची, हे आधीच ठरलेले असावे लागते. ठाण्याने ती कर्जतची म्हणून सोडली आणि कल्याणने कसाऱ्याची म्हणून पुढे पाठवली, तर गाडी धावेल, पण प्रवासी भलत्याच ठिकाणी उतरेल.

दुसरी गोष्ट रूटिंगची. टिटवाळ्याच्या प्रवाशाला बदलापूरला जायचे असेल, तर त्याला कल्याणला येऊन गाडी बदलावी लागते. त्याचप्रमाणे व्हीलॅन १० मधील संगणकाला व्हीलॅन ३० मधील संगणकाशी बोलायचे असेल, तर संदेश राउटरकडे किंवा थर-तीनच्या स्विचकडे यावा लागतो. टिटवाळ्याहून शहाड, आंबिवलीकडे जाणाऱ्या प्रवाशाला कल्याणची गरज पडत नाही; तसेच एकाच व्हीलॅनमधील संवादाला राउटरची गरज नसते. दोषशोधाची सगळी पद्धत या भेदावर उभी आहे.

३. दोषाची व्याप्ती निश्चित करणे

तक्रार येताच स्विचची मांडणी बदलू लागणे ही सर्वांत महागात पडणारी सवय होय. प्रथम पिंग आज्ञेने पुढील तीन चाचण्या क्रमाने घ्याव्यात.

(अ) त्याच स्विचवरील, त्याच व्हीलॅनमधील संगणक. ही चाचणी फसल्यास दोष तार, पोर्ट, पोर्टाचे व्हीलॅन सदस्यत्व किंवा संगणकाचा पत्ता यांत आहे.

(आ) दुसऱ्या स्विचवरील, पण त्याच व्हीलॅनमधील संगणक. पहिली चाचणी यशस्वी होऊन ही फसल्यास दोष ट्रंकमध्ये आहे.

(इ) दुसऱ्या व्हीलॅनमधील संगणक. पहिल्या दोन्ही चाचण्या यशस्वी होऊन ही फसल्यास रूटिंग तपासावे. त्यातही आधी स्वतःच्या गेटवेला पिंग करावे. गेटवे उत्तर देत नसेल, तर एक शक्यता ध्यानात ठेवावी : राउटर तिसऱ्याच स्विचला जोडलेला असल्यास तिकडे जाणारी ट्रंकही दोषी असू शकते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विंडोज प्रणालीचे फायरवॉल परक्या जाळ्यातून आलेल्या पिंगला अनेकदा उत्तर देत नाही. त्यामुळे तिसऱ्या चाचणीसाठी संगणकाऐवजी त्या व्हीलॅनमधील प्रिंटर किंवा तिचा गेटवे पत्ता निवडणे अधिक विश्वसनीय ठरते.

संगणकाला मिळालेला पत्ताही बोलका असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास संगणकाला पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत पोहोचता आले नाही, असा त्याचा अर्थ आहे. पत्ता मिळालेला आहे, पण तो भलत्या विभागाचा आहे, असे आढळल्यास पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहे किंवा ट्रंकवर दोन व्हीलॅन मिसळत आहेत.

४. ट्रंकमधील दोष

४.१ भौतिक जोडणी : पोर्टावरील दिवा, तारेची टोके व लांबी प्रथम पाहावी. तांब्याच्या तारेसाठी १०० मीटर ही मर्यादा आहे. दोन इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबर श्रेयस्कर. दोन टोकांचा वेग व डुप्लेक्स जुळत नसल्यास जाळे बंद पडत नाही, परंतु अतिशय मंद होते व पोर्टावरील त्रुटींची मोजणी वाढत जाते.

४.२ ट्रंक मुळात तयार झाली आहे का : सिस्को स्विचवर पोर्टाची स्थिती वाटाघाटीने ठरू शकते. जुन्या काही नमुन्यांत पोर्टाची मूळ स्थिती 'डिझायरेबल', तर नंतरच्या नमुन्यांत 'ऑटो' असते. एक टोक डिझायरेबल व दुसरे ऑटो असल्यास ट्रंक तयार होते. दोन्ही टोके ऑटो असल्यास दोघेही समोरच्याची वाट पाहत राहतात व ट्रंक होत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे चाललेला जुना स्विच बदलून नवा बसवताच ट्रंक नाहीशी होते आणि दोष नव्या यंत्राच्या माथी मारला जातो. दोन्ही टोकांना ट्रंक स्थिती स्पष्ट शब्दांत लिहून देणे हाच यावरचा उपाय होय.

४.३ परवानगीची यादी : सिस्को स्विचवर 'शो इंटरफेसेस ट्रंक' ही आज्ञा दिल्यास चार भागांत उत्तर मिळते. पहिल्या भागात ट्रंकची स्थिती व नेटिव्ह व्हीलॅन, दुसऱ्यात ट्रंकवर परवानगी असलेल्या व्हीलॅन, तिसऱ्यात त्यांपैकी स्विचवर प्रत्यक्ष अस्तित्वात व सक्रिय असलेल्या आणि चौथ्यात प्रत्यक्ष वाहतूक सुरू असलेल्या व्हीलॅन दिसतात. आपल्या व्हीलॅनचा क्रमांक कोणत्या भागात गळतो, हे पाहावे. दुसऱ्या भागातच नसेल, तर परवानगी दिलेली नाही. दुसऱ्यात असून तिसऱ्यात नसेल, तर ती व्हीलॅन त्या स्विचवर निर्माणच केलेली नाही किंवा बंद आहे. तिसऱ्यात असून चौथ्यात नसेल, तर स्पॅनिंग ट्रीने तो मार्ग रोखलेला आहे किंवा प्रूनिंगमुळे ती वगळली गेली आहे. ही आज्ञा दोन्ही टोकांच्या स्विचवर देऊन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

या यादीसंबंधीची एक चूक वारंवार घडते. ट्रंकवर १०, २० व ४० यांना परवानगी आहे आणि ग्रंथालयासाठी ३० नव्याने जोडायची आहे, असे समजू. तंत्रज्ञाने 'ॲड' हा शब्द न लिहिता केवळ ३० ला परवानगी देणारी आज्ञा दिली, तर जुनी यादी पुसली जाते. ग्रंथालय सुरू होते. त्याच क्षणी पलीकडच्या इमारतीतील कार्यालय, प्रयोगशाळा व परीक्षा विभाग बंद पडतात. तंत्रज्ञ ग्रंथालयात उभा असल्याने त्याच्या दृष्टीने काम फत्ते झालेले असते.

४.४ नेटिव्ह व्हीलॅनमधील विसंवाद : एका टोकाला नेटिव्ह व्हीलॅन २० व दुसऱ्या टोकाला ४० असल्यास प्रयोगशाळेतील टॅगविना निघालेली फ्रेम पलीकडे परीक्षा विभागात उतरते. सिस्कोचे दोन स्विच आपसांत हा विसंवाद ओळखून इशारा देतात व संबंधित व्हीलॅनची वाहतूक रोखतात. दोन निरनिराळ्या उत्पादकांचे स्विच असल्यास असा इशारा मिळेलच असे नाही. जाळे बंद पडत नाही, कोणी तक्रार करत नाही आणि दोन विभाग मूकपणे एकत्र येतात. तक्रार नसलेला हा दोष सर्वांत गंभीर मानला पाहिजे.

४.५ परिभाषेतील भेद : सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी, एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर मात्र अनेक तारा एकत्र बांधून केलेल्या जोडणीला ट्रंक म्हणतात. तेथे व्हीलॅनची वाहतूक पोर्टाला 'टॅग्ड' सदस्यत्व देऊन साधतात. कमी किमतीच्या अनेक स्विचवर पोर्टाचे टॅगविना सदस्यत्व आणि पीव्हीआयडी हा क्रमांक स्वतंत्रपणे द्यावा लागतो. एक दिला व दुसरा राहिला, तर संगणकाला संदेश मिळतात, परंतु त्याचे संदेश दुसऱ्याच व्हीलॅनमध्ये जातात. भिन्न उत्पादकांचे स्विच जोडताना शब्द जुळवू नयेत. कोणती फ्रेम टॅगसह व कोणती टॅगविना जाणार, हे जुळवावे.

४.६ जुन्या स्विचचे पुनरागमन : सिस्कोच्या व्हीटीपी योजनेत व्हीलॅनची यादी एका स्विचवरून इतरांकडे आपोआप जाते. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ज्या स्विचचा आवृत्तिक्रमांक मोठा, त्याची यादी ग्राह्य धरली जाते. प्रयोगशाळेत सरावासाठी वापरलेला, त्याच डोमेन नावाचा व परवलीच्या शब्दाचा स्विच मुख्य जाळ्याला ट्रंकने जोडला आणि त्याचा क्रमांक मोठा असला, तर संपूर्ण जाळ्यातील व्हीलॅनची यादी बदलू शकते. यादीतून गेलेल्या व्हीलॅनची पोर्टे निष्क्रिय होतात. छोट्या महाविद्यालयाने व्हीटीपी पारदर्शक स्थितीत ठेवणे अधिक सुरक्षित आहे.

४.७ वीज गेल्यानंतर : कल्याण-डोंबिवली परिसराने २००० नंतरच्या दशकात भारनियमनाचा अनुभव दीर्घकाळ घेतला. वीज जाऊन आल्यावर जाळे बिघडणे याचे एक साधे कारण असते : स्विचवर केलेला बदल जतन केलेला नसतो. सिस्को स्विच व्हीटीपी सर्व्हर स्थितीत असताना व्हीलॅनची यादी वेगळ्या फाइलमध्ये आपोआप जतन होते. परंतु पोर्टांची व ट्रंकची मांडणी आज्ञा दिल्याशिवाय जतन होत नाही. परिणामी वीज आल्यावर व्हीलॅन यादीत दिसतात, पण ट्रंक नसते. असे चित्र दिसल्यास शेवटचा बदल कोणी व केव्हा केला, हे प्रथम विचारावे.

५. रूटिंगमधील दोष

ट्रंक निर्दोष असल्याची खात्री झाल्यावरच रूटिंगकडे वळावे. रूटिंगच्या दोन पद्धती प्रचलित आहेत.

पहिल्या पद्धतीत एकाच तारेने जोडलेला राउटर सर्व व्हीलॅनची ये-जा सांभाळतो. त्याच्या एका भौतिक पोर्टाचे अनेक उपविभाग करून प्रत्येकाला एक व्हीलॅन क्रमांक व गेटवे पत्ता देतात. येथे उपविभागाचा स्वतःचा क्रमांक हे केवळ नाव असते; टॅग वाचण्यासाठी दिलेला व्हीलॅन क्रमांकच निर्णायक असतो. उपविभागाचे नाव ३० आणि आतील क्रमांक २०, अशी चूक वरवर पाहता लक्षात येत नाही. भौतिक पोर्ट बंद असल्यास सर्व उपविभाग एकाच वेळी बंद पडतात. राउटरला जोडलेले स्विचचे पोर्ट ट्रंक असणेही आवश्यक आहे; राउटर सिस्कोची वाटाघाट करत नसल्याने तेथे ट्रंक स्थिती स्पष्टपणे द्यावी लागते.

दुसऱ्या पद्धतीत थर-तीनचा स्विच हे काम करतो. त्यावर प्रत्येक व्हीलॅनसाठी एक आभासी इंटरफेस असतो. तो चालू राहण्यासाठी तीन अटी आहेत : ती व्हीलॅन यादीत असली पाहिजे, इंटरफेस बंद केलेला नसावा आणि त्या व्हीलॅनचे किमान एक पोर्ट चालू असले पाहिजे. सुटीच्या दिवशी ग्रंथालयातील सर्व संगणक बंद असताना, त्या व्हीलॅनची अन्य ट्रंक नसल्यास, तिचा इंटरफेस बंद दिसणे हा दोष नव्हे. अनेक नमुन्यांवर रूटिंगची सुविधाही आज्ञा देऊन सुरू करावी लागते.

संगणकाच्या बाजूला दोन गोष्टी पाहाव्यात. गेटवेचा पत्ता त्याच व्हीलॅनचा असावा आणि सबनेट मास्क बरोबर असावा. १९२.१६८.१०.५ या पत्त्याच्या संगणकाला २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० हा मास्क दिला, तर १९२.१६८.३०.५ हा संगणक आपल्याच जाळ्यात आहे, असा त्याचा समज होतो. तो गेटवेकडे जातच नाही. इंटरनेट व्यवस्थित चालते आणि महाविद्यालयातील अन्य विभाग मात्र दिसत नाहीत, हे या दोषाचे लक्षण आहे.

डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असल्यास संगणकाची पत्त्याची मागणी राउटर ओलांडत नाही, कारण ती सर्वांना उद्देशून केलेली हाक असते. ती पुढे पोहोचवण्यासाठी त्या व्हीलॅनच्या गेटवेवर सर्व्हरचा पत्ता नोंदवावा लागतो.

रूटिंग सुरू झाले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. व्हीलॅन वेगळ्या केल्या म्हणजे विभाग सुरक्षित झाले, हा व्यापक गैरसमज आहे. रूटिंग सुरू होताच प्रयोगशाळेतील संगणक परीक्षा विभागाच्या संगणकापर्यंत पोहोचू शकतो. कल्याणला गाडी बदलण्याची मुभा सर्वांनाच असते. कोणाला रोखायचे, हे वेगळे सांगावे लागते. म्हणून व्हीलॅन ४० कडे जाणारी वाहतूक प्रवेश-यादीने रोखून, प्रयोगशाळेतून पिंग करून ती खरोखर अडते का, हे परीक्षेपूर्वी तपासले पाहिजे. येथे चाचणी फसणे हेच यश होय.

६. शिफारशी

१. प्रत्येक महाविद्यालयाने व्हीलॅन क्रमांक, विभाग, पत्त्यांचा पट्टा, गेटवे तसेच प्रत्येक ट्रंकची दोन्ही टोके, परवानगीची यादी व नेटिव्ह व्हीलॅन यांची लेखी नोंदवही ठेवावी. स्विचच्या मांडणीची प्रतही सुरक्षित ठेवावी.

२. बाहेरच्या तंत्रज्ञाचे देयक मंजूर करण्यापूर्वी त्या दिवशीचा बदल नोंदवहीत लिहून घ्यावा व मांडणी जतन झाल्याची खात्री करावी.

३. एका वेळी एकच बदल करावा व लगेच तिन्ही चाचण्या घ्याव्यात. ट्रंकमधील बदलानंतर चाचण्या दोन्ही इमारतींतून घ्याव्यात.

४. नेटिव्ह व्हीलॅनसाठी कोणत्याही विभागाला न दिलेला क्रमांक सर्व ट्रंकवर सारखाच ठेवावा. न वापरलेली पोर्टे बंद ठेवावीत.

५. परीक्षेच्या काळात जाळ्याच्या रचनेत बदल करू नये.

७. निष्कर्ष

व्हीलॅनमधील दोष गूढ वाटतात, याचे कारण ते एका ठिकाणी घडतात व दुसऱ्या ठिकाणी दिसतात. त्याच व्हीलॅनमध्ये पण पलीकडच्या स्विचवर संवाद होतो का आणि दुसऱ्या व्हीलॅनशी संवाद होतो का, हे दोन प्रश्न क्रमाने विचारले, की शोधाचे क्षेत्र ट्रंक किंवा रूटिंग यांपैकी एकावर येते. ट्रंकचा करार दोन्ही टोकांना सारखा आहे का, हे पाहण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. दोन स्विचची उत्तरे व एक नोंदवही पुरते. ही नोंदवही नसलेल्या महाविद्यालयात प्रत्येक दोष नव्याने शोधावा लागतो. परीक्षेच्या सकाळी त्यासाठी वेळ उपलब्ध नसतो. म्हणून हे काम सत्राच्या आरंभीच हाती घेणे इष्ट ठरेल.